काळी पाच, पांढरी सात

शुक्रवारी सकाळी साडेआठला व्हॅन दारात लागली तेव्हा पाऊस कोसळत होता. मागे जुन्या रजईत गुंडाळलेली एक पांढरी पेटी होती. पेटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भजनातली पेटी येते. ही कमरेपर्यंत उंच आणि पन्नास किलोंच्या वर जड होती, उतरवायला तिघं लागलो. मेलोट्रॉन, म्हणजे फितींवर रेकॉर्ड केलेले स्वर वाजवणारं पट्ट्यांचं वाद्य, मॉडेल एम 400.

बरोबर आलेले गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. पावसात स्वतः भिजत होते, पण रजईचं टोक काही हातातून सोडत नव्हते. म्हणाले, "उद्या रात्री वाजवायचंय. एक स्वर धरला तर ठीक आहे, पण पाच बोटं ठेवली की सगळं खाली घसरतं. गाणारा बिचारा कुठे लावणार आवाज?"

मी बर्मिंगहॅमजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुनी वाद्यं दुरुस्त करतो. पुण्यात होतो तेव्हा टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. फितीवरचा आवाज वाचणारं हेड पुसणं, रबराचे रोलर बदलणं, चुरगळलेली फीत बोटांनी सरळ करणं, हे सगळं तिथेच अंगवळणी पडलं. मेलोट्रॉनचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत ओळखीचं घर दिसल्यासारखं वाटलं होतं. आणि या गावात मेलोट्रॉन दुरुस्त करणं म्हणजे येवल्यात बसून पैठणीला रफू करण्यासारखं आहे. वाद्य इथलंच.

मूळ कल्पना मात्र अमेरिकेची, हॅरी चेंबरलिन यांची. त्यांच्याकडे काम करणारा बिल फ्रॅन्सन 1962 मध्ये त्यांची दोन वाद्यं घेऊन इंग्लंडला आला आणि एकसारखी 70 टेपहेड कोण बनवून देईल ते शोधू लागला. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी होकार दिला. त्यातून 1963 मध्ये पहिलं मेलोट्रॉन निघालं, आणि जवळच्या स्ट्रीटलीमध्ये पुढे वर्षानुवर्षं ही वाद्यं बनत राहिली. माझ्यापुढे होतं ते एम 400 मॉडेल 1970 मध्ये आलं. आधीच्या मॉडेलांपेक्षा ते सुटसुटीत, त्यामुळे बँडवाले ते गावोगाव नेऊ लागले.

आतली रचना सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. पट्ट्या 35. प्रत्येक पट्टीखाली तिची स्वतःची फीत, तिचं स्वतःचं हेड. त्या फितीवर कुणीतरी खरोखर वाजवलेला तो एकच स्वर. पट्टी दाबली की फीत हेडवर टेकते आणि रबरी रोलर तिला एका लांब फिरत्या दांड्यावर दाबतो. दांडा फीत ओढून खालच्या कप्प्यात सोडत जातो. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचून घेते. फीत गोल जोडलेली नाही, सुमारे आठ सेकंदांत संपते. म्हणून मेलोट्रॉनवाल्याला लांब सूर धरता येत नाही; एकेक बोट उचलून पुन्हा टेकवत, भिंतीवरच्या कोळ्यासारखं सरकत जावं लागतं. फितीच्या रुंदीत तीन ट्रॅक मावतात. या पेटीत व्हायोलिन, बासरी आणि चेलो होते.

व्हायोलिनची पट्टी दाबली की गज तारेवर टेकतो तो क्षणही ऐकू येतो. प्रत्येक स्वर वेगळा रेकॉर्ड केलेला, त्यामुळे एक जरा घाईने सुरू होतो, शेजारचा दबकत. 1967 मध्ये बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'ची सुरुवात करणारी बासरी याच वाद्याची. मूडी ब्लूज या बँडचा माइक पिंडर तर काही काळ स्ट्रीटलीच्या कारखान्यातच कामाला होता. 1969 चा किंग क्रिमसन या बँडचा पहिला अल्बम आणि 1972 चा जेनेसिसचा 'फॉक्सट्रॉट' मेलोट्रॉनशिवाय मला कल्पताच येत नाहीत. इंग्लंडमधल्या वादकांच्या संघटनेला एके काळी धास्ती होती की ही पेटी व्हायोलिनवाल्यांच्या पोटावर पाय आणेल. मला मात्र वाटतं, व्हायोलिनची जागा ती कधी घेऊच शकली नसती. दुरून, धुक्यापलीकडून वाजणाऱ्या व्हायोलिनसारखा तिचा आवाज आहे आणि तसा आवाज दुसऱ्या कशातूनच येत नाही.

घसरण्याचं कारण दुपारपर्यंत हाती लागलं. दांड्यावर फितींची तपकिरी भुकटी थरावर थर बसली होती. रोलर कडक होऊन गुळगुळीत झाले होते, त्यामुळे फीत निसटायची. कुणीतरी त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पट्टीचे स्क्रू पिळून दाब वाढवत नेला होता. एका पट्टीपुरतं ते खपून जातं. पण पाच पट्ट्या मिळून तेवढ्या जोराने दांडा धरतात तेव्हा मोटर दमते, वेग उतरतो आणि सगळा जमाव एकदम बेसूर होतो. मोटर ठीक होती. वेग राखणारं कार्डही ठीक होतं. दांडा स्पिरिटने पुसला, रोलर बदलले आणि स्क्रू लावायला बसलो. पट्टीला दोन स्क्रू, एक फीत हेडवर टेकवणाऱ्या पॅडचा, एक रोलरचा. म्हणजे 70. हे काम घाईने होत नाही. पाव फेरा इकडे-तिकडे झाला की स्वर एक तर उशिरा उठतो, नाही तर थरथरतो.

साडेचारला ट्यूनर लावून डावीकडून एकेक पट्टी तपासत निघालो. 27 पर्यंत सगळं जागेवर. 28 वी पट्टी म्हणजे वरच्या सप्तकातली काळी पाच. तिच्यातून पांढरी सातचा स्वर आला. 29 व्या पट्टीतून काळी पाचचा. दोन फितींची अदलाबदल झाली होती. फितींची चौकट बाहेर काढून पाहिलं तर टोकांवर लिहिलेले आकडेही उलटे, 28 च्या जागी 29.

मला आनंद झाला, खरंच झाला. गृहस्थांनी जे सांगितलंही नव्हतं ते मला सापडलं होतं. दोन्ही फिती सोडवल्या, आपापल्या जागी ओवल्या, स्क्रू पुन्हा लावले. त्यात पाऊण तास गेला. वाजवून दाखवल्यावर सांगू, असं मनाशी ठरवलं.

सहाला ते आले. स्टूल ओढून बसले आणि डाव्या हाताने पाच बोटांचा मोठा स्वरमेळ धरला. आठ सेकंद तो तसाच उभा राहिला, जराही घसरला नाही. त्यांनी डोळे मिटले. मग उजव्या हाताने एक संथ चाल सुरू केली. चाल वर चढली आणि चुकली. ते थांबले, पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागले. पुन्हा तिथेच.

तिसऱ्या वेळी चुकल्यावर त्यांनी उजवा हात उचलून समोर धरला आणि बोटांकडे बघत राहिले. चेहरा उतरला होता. अगदी हळू म्हणाले, "हे मला झोपेतसुद्धा येतं. आता हेही जायला लागलं वाटतं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पोटात खड्डा पडला. मी म्हणालो, "नाही, नाही. तुमचं काही चुकत नाहीये. मी दोन फिती बदलल्यात."

त्यांना क्षणभर कळेना. मग कळलं आणि ते हसले. त्या हसण्यात किती सुटका होती ते मी शब्दांत सांगू शकत नाही. 1976 मध्ये त्यांनी ही पेटी एका मोडलेल्या बँडकडून घेतली होती. हे दोन स्वर तेव्हापासूनच उलटे. आत हात घालायची भीती आणि दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून त्यांनी बोटांनाच उलटं शिकवलं. पियानोवर बसले की हात सरळ चालतो, या पेटीवर बसले की आपोआप उलटा. गेली कित्येक वर्षं तर त्यांना ते आठवतही नव्हतं, म्हणून सकाळी सांगायचं सुचलं नाही.

"आता बरोबर झालंय तर राहू द्या," ते म्हणाले. "रात्री बसतो सरावाला." आणि लगेच वाजवून बघायला लागले. पाच वेळा बघितलं. सावकाश वाजवलं की जमायचं. चाल मनात घुमायला लागली की बोट जुन्या जागेवर जायचं. पाचव्या वेळेनंतर ते काही बोलले नाहीत, नुसता पट्ट्यांवरून हात फिरवला.

यंत्र बरोबर करणं हे माझं काम. चुकीच्या जागची फीत जाणूनबुजून चुकीच्या जागी ठेवणं माझ्या हाताला पटत नव्हतं, हे खरं आहे. पण व्हायोलिनची फीत त्या पेटीतला अर्धाच भाग होती. उरलेला अर्धा त्यांच्या बोटांत होता आणि तो मी न विचारता मोडला होता. मी चौकट पुन्हा बाहेर काढली. ते "अहो, राहू द्या" म्हणत होते, पण टॉर्च त्यांनीच हातात घेतला आणि मला दिसेल असा धरून उभे राहिले.

28 च्या जागी 29, 29 च्या जागी 28. चार स्क्रू. रात्रीचे आठ वाजले.

या वेळी चाल वर चढली आणि तशीच पुढे गेली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाजवली. मी हातातला कपडा खाली ठेवून ऐकत होतो.

झाकण बसवण्याआधी मी एक चिठ्ठी लिहिली: "फीत 28 आणि 29 मुद्दाम उलट बसवल्या आहेत. सरळ करू नयेत." ती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 1976.