टॅपेट कानाने नाही, पात्याने

सातारा-सांगली पट्ट्यात शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलींचे टॅपेट, म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी लिव्हर (रॉकर) यांच्यातली फट ठरवणारे स्क्रू, बऱ्याचदा अंदाजाने सेट होतात. इंजिन गरम असतानाच झाकण उघडायचे, रॉकर बोटाने हलवून बघायचा, स्क्रू थोडा आवळायचा आणि किक मारून आवाज ऐकायचा. टिकटिक थांबली की गिऱ्हाईक खूश. पण टिकटिक पूर्ण थांबणे ही चांगली खूण नाही. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, शाइन अशा गाड्यांच्या टॅपेटला किंचित आवाज असायलाच हवा, कारण तिथे गॅप असायला हवा.

गॅप कशासाठी, हे आधी. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते. तेवढी जागा थंड असतानाच सोडून ठेवावी लागते. जागा कमी पडली तर व्हॉल्व्ह बंद होताना आपल्या सीटवर, म्हणजे टेकायच्या कडेवर, पूर्ण टेकत नाही. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) उतरते. टेकायलाच मिळाले नाही तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जाते आणि काम हेड उतरवण्यावर येते. उलट गॅप जास्त झाला तर खडखड होते, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, पिकअप मंदावतो आणि रॉकर व स्क्रूचे टोक ठोकून ठोकून झिजते. सहा हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो, म्हणजे ठोकेही तेवढेच. दोन्ही वाईटच, पण ढिल्याचा आवाज येतो म्हणून तो कळतो. घट्ट टॅपेट काही बोलत नाही.

घट्ट झालेले ओळखायचे असेल तर गाडी तापवून बघा. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट दोन माणसे बसवून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढा आणि वर पोचल्यावर गाडी आयडलिंगवर सोडा. सकाळी नीट चालणारे आयडलिंग इथे खाली येत असेल, गाडी बंद पडत असेल किंवा किक नेहमीपेक्षा हलकी लागत असेल, तर कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी टॅपेट मोजा. आयडलिंगची लक्षणे एअर लीकमुळेही (कुठून तरी जादा हवा आत शिरल्याने) येतात, पण मोजायला पैसे पडत नाहीत.

आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. या वर्गातल्या गाड्यांचे आकडे साधारण ०.०५ ते ०.१५ मिमीच्या दरम्यान असतात आणि काही गाड्यांत इनलेट-एक्झॉस्टचे वेगळे असतात. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१० मिमी जाड असतो, म्हणजे आपण कागदाच्या जाडीत खेळतोय. बोटाला एवढा फरक कळत नाही.

म्हणून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा सेट) हवे, आणि तेही बघून घेतलेले. ०.०५ नंतर थेट ०.१० ची पाती असलेला सेट सर्रास मिळतो. तुमचा आकडा ०.०८ असेल तर तो निरुपयोगी. दुकानातच पात्यांवरचे आकडे वाचा. पाती रुंद असेल तर टॅपेटच्या भोकातून वाकडी शिरते आणि खोटे सांगते. अरुंद पाती किंवा टोकाला वाकवलेली पाती सोयीची पडते. बाकी सामान घरचेच: झाकणाचा पाना (बऱ्याच गाड्यांत १७ चा), स्क्रू जागेवर धरणाऱ्या चेकनटसाठी ८ ते १० पैकी बसेल तो रिंग पाना, प्लग पाना आणि स्क्रूच्या चौकोनी टोकासाठी छोटी टॅपेट चावी. ती चावी पक्कडने भागवू नका. चौकोन गोल झाला की पुढच्या वेळी रडायची पाळी. झाकणांच्या ओ-रिंगही आधीच आणून ठेवा, जुन्या कडक झालेल्या असतील तर तेल झिरपते.

इंजिन थंड हवे. होंडाच्या मॅन्युअलमध्ये ३५ अंशांच्या खाली असे दिलेले असते, आणि आपल्याकडे हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी हवाच चाळिशीला जाते, त्यामुळे उन्हात उभी केलेली गाडी इंजिन चालू न करताही ३५ च्या वर असते. काम सकाळी करायचे, गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवून.

झाकण उघडण्याआधी हेडभोवतीची घाण काढा. शेताच्या वाटेने जाणाऱ्या गाडीवर चिखलाचे पापुद्रे असतात, उसाच्या हंगामात तर विचारायलाच नको. ब्रश आणि थोडे रॉकेल पुरते, पुसून कोरडे करायचे. मग झाकण सोडायचे. एक खडा आत पडला तर टॅपेटचे काम राहते बाजूला. इनलेटचे झाकण कार्ब्युरेटरच्या बाजूला असते आणि टाकीमुळे हात नीट जात नाही, त्यामुळे टाकी मागून सोडून उचलली तर बरे पडते. इंजेक्शनच्या गाडीत मात्र टाकीला पेट्रोल पंपाची वायर आणि दाबाची नळी असते. ती ओढाताण करून काढू नका. हात जात असेल तर टाकी तशीच राहू दे.

आता पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात वर, आणायचा. प्लग काढा, म्हणजे इंजिन हलके फिरते. डाव्या कव्हरवरची दोन झाकणे काढली की मोठ्यातून मॅग्नेटचा (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाचा) नट आणि छोट्यातून मॅग्नेटवरच्या खुणा दिसतात. होंडा पद्धतीच्या इंजिनात डावीकडून बघताना मॅग्नेट घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे नट सुटण्याच्या दिशेने. प्लग न काढता जोर लावला तर इंजिन फिरायच्या ऐवजी नटच ढिला होऊ शकतो, आणि ते लक्षातही येत नाही. त्याऐवजी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचे चाक हाताने पुढे फिरवा. ही पद्धत जास्त सरळ वाटते.

इनलेटच्या रॉकरवर नजर ठेवा. तो खाली दाबला जाईल, मग वर येईल. त्यानंतर येणारी 'टी' खूण आपली. शेजारी 'एफ' खूणही असते, ती इग्निशनची. 'टी' खूण केसिंगवरच्या खाचेसमोर आली की दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा, दोघांनाही अगदी थोडी खळखळ हवी. एक किंवा दोन्ही ताठ असतील तर घाई करू नका, आधी एक पूर्ण फेरी फिरवून पुन्हा बघा. सगळ्यात महाग चूक इथेच होते. 'टी' खूण दर फेरीला येते, पण एका फेरीला ती एक्झॉस्टच्या शेवटाला असते आणि तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. तिथे गॅप दिसत नाही म्हणून स्क्रू सोडत गेलात तर गाडी सुरू केल्यावर लोहाराच्या दुकानासारखी वाजते. फेरी फिरवूनही एखादा ताठच राहिला तर तो खरोखर घट्ट झालाय. खूण चुकून पुढे गेली तर चाक उलटे ओढू नका, पुढे दोन फेऱ्या फिरवून परत या. दोन-चार अंश इकडे-तिकडे झाले तर बिघडत नाही, रॉकर हलवणाऱ्या कॅमचा गोल भाग तिथे असतोच.

आधी फक्त मोजा, काही सोडू नका. मॅन्युअलमध्ये ०.०८ असेल तर ०.०८ ची पाती किंचित तेल लावून सारा. ती ओढताना अडखळत, पण न वाकता यायला हवी. ०.१० ची पाती शिरता कामा नये. तसे असेल तर झाकण लावा आणि चहा घ्या. बरोबर असलेले टॅपेट उगीच सोडून पुन्हा बसवण्यात शहाणपणा नाही.

फरक असेल तर रिंग पान्याने चेकनट जेमतेम सोडा, पाती आत ठेवा आणि चौकोनी स्क्रू फिरवा. किती फिरवायचा याचा हिशोब आधीच डोक्यात असावा. आट्याचा पिच अर्धा मिलिमीटर धरला तर पूर्ण फेरीत अर्धा मिमी, म्हणजे ०.०५ मिमीसाठी फेरीचा दहावा भाग. मिनिटकाटा सहा मिनिटांत सरकतो, तेवढेच. त्यामुळे 'पाव फेरी सोड' म्हणणाऱ्याने गॅप साडेबारा शतांश मिमीने वाढवलेला असतो: ०.१२५.

खरी गंमत पुढे आहे. चेकनट आवळला की स्क्रू त्याच्यासोबत थोडा फिरतो आणि आट्यातला ढिलेपणाही निघून जातो. आवळण्याआधी ०.०८ असलेला गॅप आवळल्यावर ०.०५ झालेला असतो. म्हणून एका हाताने चावीने स्क्रू धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने नट आवळायचा आणि मग पुन्हा मोजायचे. पहिल्या प्रयत्नात जमत नाही, तिसऱ्या-चौथ्याला जमते. स्क्रू नेहमी त्याच बाजूला सरकत असेल तर तेवढे उलट ठेवून आवळा. नटाचा आवळ या छोट्या स्क्रूंना ९ ते १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. बारा सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला साडेसात-आठ किलोचा जोर पुरतो. पान्याला पाइप घातला की स्क्रू तुटलाच समजा.

पाती बरोबर सांगते आणि आवाज तरी येतो, असेही होते. मग स्क्रूचे टोक टॉर्च लावून बघा. ठोक्यांनी तिथे वाटीसारखा खड्डा पडला असेल तर सपाट पाती खड्ड्याच्या कडांवर बसते आणि आतला जास्तीचा गॅप मोजलाच जात नाही. असा स्क्रू बदला, घासून सपाट करत बसू नका. टोकही बरे असेल तर आवाजाची जागा शोधा. टॅपेटची टिकटिक बारीक, सारख्या लयीत, वरून येते. डाव्या बाजूने येणारी आणि ॲक्सिलरेटर सोडताना वाढणारी सळसळ टायमिंग चेनची असते, आणि तिला टॅपेट आवळून काही फरक पडत नाही.

झाकणे लावण्याआधी चाक फिरवून इंजिनाच्या दोन पूर्ण फेऱ्या करा, पुन्हा 'टी'वर या आणि शेवटचे मोजा. ओ-रिंगला तेलाचे बोट लावा. झाकण आधी हातानेच फिरवत न्या. हेड ॲल्युमिनियमचे आहे, वाकडे चढलेले आटे पान्याने सरळ होत नाहीत. प्लगचेही तेच.

आकडे आणि किलोमीटर वहीत लिहा. दर पाच-सहा हजारांना मोजणे पुरे. एक्झॉस्टचा गॅप हळूहळू कमी होत जाणे स्वाभाविक, व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो. पण नीट सेट केलेला एक्झॉस्ट हजार किलोमीटरच्या आतच पुन्हा घट्ट झाला तर स्क्रू सोडत राहू नका. सीट खचतेय, हेड उतरवावे लागेल.