४३२ ची पेटी, नोंद सातवी: गांधार जागेवर राहीना

पेटी (हार्मोनियम) नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४३२ वर लावली की जास्त गोड आणि शांत वाटते, असं बरेच जण म्हणतात (हा आकडा पांढरी सहाच्या स्वराचा). ते पडताळायला मी एक नवी पेटी ४३२ वर लावलीय, जुनी ४४० वर आहे. मागच्या नोंदीत मी फार आनंदात होतो. एकादशीच्या भजनात पडद्याआड दोन्ही पेट्या वाजवल्या आणि आठपैकी सात जणांनी ४३२ ची पेटी उचलून धरली. आमचे पखवाजवाले काका म्हणाले होते, "माउली, ही पेटी लई गोड बोलायली बघा. डोकं शांत झालं." ती चाचणी मी आज रद्द धरतोय.

४४० ची जुनी पेटी दोन वर्षं उघडलीच नव्हती. तिचे खर्ज आणि नर, म्हणजे प्रत्येक स्वराचे खालच्या सप्तकातले आणि मुख्य असे दोन सूर (पितळी जिभा), एकमेकांपासून सरकले होते. काळी एकचा षड्ज धरून ठेवला की आवाज लहान-मोठा होण्याच्या सेकंदाला दीड-दोन लहरी सरळ मोजता येत होत्या. नवी पेटी मात्र मी तीन महिने घासली, ८४ च्या ८४ सूर, खर्ज-नर एकजीव होईपर्यंत. म्हणजे कौल ४३२ ला नव्हता, नीट लागलेल्या पेटीला होता. दोन रात्री बसून जुनीचे खर्ज-नर जुळवले आणि पुढच्या गुरुवारी चाचणी पुन्हा घेतली. दोन पेट्यांच्या मध्ये दहा मिनिटं गप्पा मारल्या, म्हणजे आधीची पट्टी कानात राहू नये. या वेळी चार विरुद्ध चार. काका म्हणाले, "आता दोन्ही सारख्याच वाटायल्यात."

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून वही काढून हिशोब मांडला. तुम्हीही करून बघा. ४४० च्या पेटीत काळी एकचा सा २७७.१८ हर्ट्झ आणि त्याचा गांधार, म्हणजे पांढरी चार, ३४९.२३. सा चा पाचवा स्वयंभू (सा च्या पाचपट कंपनांचा, त्यातच उमटणारा उपस्वर) आणि गांधाराचा चौथा स्वयंभू शेजारी येतात आणि सेकंदाला ११ वेळा आपटतात. पेटीचा गांधार चढा आणि खरखरीत लागतो तो यामुळे. आता अख्खी पेटी ४३२ वर उतरवा. सा २७२.१४, गांधार ३४२.८८. आपटणं किती? १०.८. तीन महिने कानस चालवून मी ती खरखर ११ वरून १०.८ वर आणली! खरा गांधार सा च्या सव्वापट, म्हणजे ३४०.१८ ला. तिथं नेला की ती शून्य होते. समान सप्तकातला (बारा सारख्या भागांच्या सप्तकातला) गांधार सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग), हे आपण सगळेच जाणतो. पण पट्टी उतरवल्यानं त्याला काडीचाही फरक पडत नाही, हे आकड्यात बघितल्यावर मला खरंच धक्का बसला.

४३२ वाल्या मित्रांना मी नावं ठेवत नाही, मी स्वतः त्यांच्यातलाच. फक्त एक सांगतो. आपण "२५६ आणि ४३२" ही जोडी नैसर्गिक म्हणतो, पण सा २५६ धरला तर धैवत ४३२ येतो तो २७/१६ च्या नात्यानं. ५/३ चा धैवत घेतला तर ४२६.७, आणि समान सप्तकात ४३०.५. तेव्हा "२५६ आणि ४३२" म्हणताना सप्तक कोणतं तेही सांगावं लागेल. इटालियन संगीतकार व्हर्दीनं १८८४ मध्ये ४३२ ला पाठिंबा दिला, तो सरकारी आयोगाला गणिती सोयीसाठी ते हवं होतं म्हणून, आणि ४३५ पासूनचा फरक कानाला जवळजवळ कळत नाही असं म्हणत. आणि ४४० हे कुणाचं कारस्थान म्हणावं, तर शाइब्लर या जर्मन संशोधकानं ते १८३४ मध्येच स्टुटगार्टला सुचवलं होतं. ४४० हे प्रमाण ठरवणारी १९३९ ची लंडनची परिषद त्यानंतर एका शतकानं झाली. इटलीतल्या ३३ जणांवरच्या २०१९ च्या प्राथमिक अभ्यासात ४३२ ऐकताना हृदयाचे ठोके थोडे कमी दिसले, ते मला महत्त्वाचं वाटतं. पण आपल्याकडे सा च मोकळा आहे. कुणी काळी एकला गातं, कुणी काळी चारला. त्या फरकापुढे ४४० ते ४३२ चे ३२ सेंट म्हणजे पाऊण श्रुतीचीही (सप्तकाच्या बावीस भागांतल्या एकाचीही) उडी नाही.

तर ठरवलं, गांधार ३४०.१८ ला बसवायचा. आणि इथंच अडकलो, नऊ दिवस.

मध्य सप्तकातला पांढरी चारचा नर सूर काढला, जिभेखाली पितळेची पातळ पट्टी सरकवली, रिव्हेटजवळ हलक्या हातानं घासलं. संध्याकाळी ३४०.२. सकाळी ३४१.८. पुन्हा घासलं, पुन्हा सकाळी वर. पहिल्यांदा वाटलं, गरमी. सध्या दुपारी पारा ४१ च्या पुढे असतो आणि मायक्रोफोनला आवाज नको म्हणून पंखा बंद ठेवतो. पितळ तापलं की मऊ होतं, सूर उतरतो, पहाटे परत चढतो. शेजारचे सूर मोजले तर तेही पहाटे चार-पाच सेंट वर होते. पण सगळे एकसारखे. माझा गांधार मात्र एके दिवशी आठ सेंट वर, दुसऱ्या दिवशी तीन, आणि एकदा चक्क खाली. (बासरीचं उलटं असतं बरं का. हवा २० वरून ४० अंशांवर गेली की नळीतला सूर सुमारे ५७ सेंट चढतो. फुंकरीनं नळी आधीच गरम असते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. मे महिन्यात आमचे बासरीवाले पेटीशी का भांडतात ते आता कळलं.)

मग भाता बदलून बघितला, हवेचा दाब एकसारखा ठेवायला भात्यावर वजन ठेवलं, चामडं बदललं. काही नाही. नवव्या दिवशी घड्याळजीकडून भिंग आणलं. रिव्हेटच्या कडेला केसाएवढी काळी रेघ! बोटाच्या नखानं जीभ आडवी ढकलली तर अगदी किंचित हलली. रिव्हेट सैल. ऐरणीवर ठेवून दोन हलके ठोके दिले आणि सूर एकदम १२ सेंट चढला, पण चढला तो तिथंच थांबला. परत घासून ३४०.२ ला आणला. चार सकाळी झाल्या, शेजाऱ्यांइतकाच हलतोय. सा धरून हा गांधार वाजवला तेव्हा मधली खरखर विरून गेली आणि दोन स्वर एकमेकांत मिसळले. मी तो जोड पाच मिनिटं धरून बसलो होतो.

हे सूर ज्या दुकानातून आणले, तिथं डझनात तीन रिव्हेट सैल निघालेत. माझं मत विचाराल तर जुन्या मोडीतल्या पेटीचे ज्युबिलेट (जर्मन बनावटीचे) सूर आधी शोधा, नाही मिळाले तर गुजरातमधल्या पालिताण्याचे, आणि प्रत्येक रिव्हेट भिंगाखाली बघूनच पैसे द्या.

आता बेत बदललाय. जुनी पेटीही ४३२ ला आणायची म्हणत होतो, ते सोडलं. हे लिहिता लिहिताच 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शारंगदेव आठवला, आपल्याच देवगिरीचा. तेराव्या शतकात त्यानं श्रुती दाखवायला दोन वीणा सारख्या लावायला सांगितल्या. एक ध्रुव, तिला हात लावायचा नाही. दुसरी चल, तीच उतरवत जायची. माझ्या चाचणीत पट्टी, लहरी आणि घासणी सगळंच एकदम बदललं होतं. म्हणून ४४० ची पेटी ध्रुव, आहे तशी. ४३२ ची चल. मध्य सप्तकातले गांधार, धैवत आणि निषाद यांचे नर सूर दोन-दोन संच तयार ठेवायचे, एक समान सप्तकाचा, एक शुद्ध. खर्जाचा स्टॉपर बंद. दोन स्क्रू काढून सूर बदलायला फार वेळ लागत नाही. आणि नुसत्या पट्टीचा परिणाम बघायला तंबोरा आहेच, त्याला घासायचं काही नाही, खुंटी पिळली की झालं.

यासाठी पांढरी चार, काळी पाच आणि पांढरी एक, तिन्ही मध्य सप्तकातले नर सूर हवेत. कुणाकडे मोडलेली जुनी पेटी पडून असेल तर कळवा, परभणी ते लातूर कुठंही येऊन घेऊन जाईन. पुढची एकादशी बारा दिवसांवर आहे.