मैत्रीला विषय लागतो

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या पालकांना वारंवार मिळणारा सल्ला म्हणजे 'त्याला चार मुलांत मिसळू द्या'. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण मिसळायचे कुठे, कशासाठी आणि कोणाच्या अटींवर, हे सहसा कोणी सांगत नाही. माझी मुलगी स्वमग्न आहे. तिच्यासाठी गट, वर्ग आणि शिबिरे शोधताना माझे मत हळूहळू एका गोष्टीवर स्थिरावले: उपक्रम निवडताना तेथे किती मुले येतात आणि किती गप्पा होतात याकडे फार लक्ष देऊ नये, मुलाच्या हाताला तेथे कोणते काम मिळते हे आधी पाहावे.

अशा मुलांना एकटेच राहायला आवडते, हा समज जुना आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचे सविस्तर वर्णन केले, त्यातही एकटेपणावर मोठा भर होता. पुढे निरित बाउमिंगर आणि कॉनी कसारी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न मुलांनाच त्यांच्या एकाकीपणाविषयी विचारले, तेव्हा या मुलांनी इतर मुलांपेक्षा अधिक एकाकी वाटत असल्याचे सांगितले. म्हणजे इतरांबरोबर असण्याची इच्छा असते, तिथवर जाण्याची वाट मात्र सापडत नाही.

ही वाट न सापडण्याचा सगळा दोष मुलाच्या माथी मारला जातो, हे मला मान्य नाही. ब्रिटनमधील स्वमग्न समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की, दोन वेगळ्या धाटणीची मने समोरासमोर येतात तेव्हा न समजणे दोन्ही बाजूंनी असते. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांचे गट घेऊन एक प्रयोग केला. त्यात एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी पुढे सांगायची होती. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. म्हणून मुलाच्या आठवड्यात एक तरी जागा अशी असावी, जिथे त्याच्यासारखी आणखी मुले भेटतील. फक्त तेवढीच जागा असावी, असे मात्र मी म्हणणार नाही.

आता कामाविषयी. वाढदिवसाचा समारंभ, मधली सुट्टी किंवा मैदानावरचा मुक्त गोंधळ या जागा मुलांच्या म्हणून ओळखल्या जातात; पण स्वमग्न मुलासाठी त्याच सर्वांत अवघड असतात, कारण तेथील नियम कोणी सांगत नाही आणि ते क्षणाक्षणाला बदलतात. बुद्धिबळाच्या पटावर, समूहगायनात, बागकामात किंवा पुस्तके क्रमाने लावताना तसे होत नाही. पुढे काय करायचे ते ठाऊक असते आणि बोलण्याला कारण मिळते. डॅनियल लगॉफ यांनी २००४ मध्ये लेगोच्या ठोकळ्यांवर आधारलेली जी पद्धत मांडली, तिचे मर्म हेच आहे. एक मूल चित्रातील सूचना वाचून सांगते, दुसरे हवा तो ठोकळा शोधून देते, तिसरे जोडते, आणि मग भूमिका बदलतात. एकमेकांशी बोलल्याखेरीज वस्तू पूर्ण होत नाही. पण 'आता बोला' असे कोणी मुलांच्या मागे लागत नाही.

आमच्या मुलीला असा गट पक्षिनिरीक्षणात सापडला. इतक्या सोयीची जागा मी मुद्दाम आखली असती तरी जमली नसती! तेथे हळू बोलणे हा सर्वांसाठीच नियम आहे. सगळ्यांची नजर झाडाकडे असते, त्यामुळे कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहावे अशी अपेक्षा नसते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासणे आणि काटेकोर याद्या ठेवणे, ज्यासाठी एरवी तिला टोकले जाते, ते येथे कौशल्य ठरते. नोंदवही तिच्याकडे आली आणि तिच्याशी बोलायला येणाऱ्यांची संख्या आपोआप वाढली, कारण प्रत्येकाला आपली नोंद तिच्याकडेच द्यावी लागते. गटात सर्व वयांची माणसे आहेत, याचाही लाभ झाला. समवयस्कांच्या टोळीत असते तशी चढाओढ आणि टिंगल तेथे नाही.

एका विषयात खोल बुडून जाण्याच्या या वृत्तीला डिना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मधील लेखात स्वमग्नतेच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. अनेक ठिकाणी मात्र मुलाची आवड बक्षिसासारखी वापरली जाते: आधी सर्वांशी नीट वाग, मग तुझ्या आगगाड्या. मला हे उलटे वाटते, कारण ओळखी त्या आगगाड्यांमुळेच होणार असतात. ही जागा पडद्यावरची असली तरी बिघडत नाही. कॅनडातील स्टुअर्ट डंकन यांनी २०१३ मध्ये स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी माइनक्राफ्ट या संगणकावरील खेळाचा स्वतंत्र सर्व्हर सुरू केला, कारण इतर सर्व्हरवर या मुलांना छळ सोसावा लागत होता. त्या मैत्रीला खोटी म्हणण्याचे मला काही कारण दिसत नाही.

प्रत्यक्ष तयारी फारशी अवघड नसते. जागा रिकामी असताना एकदा पाहून येणे, तिथली छायाचित्रे घरी दाखवणे, कोणता कार्यक्रम कशानंतर होईल ते लिहून देणे, आवाज असह्य झाला तर कुठे जाऊन बसायचे ते आधी ठरवणे आणि सुरुवातीला थकवा येण्यापूर्वीच निघणे, एवढ्याने बरेच साधते. गट चालवणाऱ्यांना मी निदानाची कागदपत्रे देत नाही. एका पानावर तिला काय आवडते, काय सोसत नाही आणि ती कानांवर हात ठेवते तेव्हा काय करावे, हे लिहून देते. शिवाय एक प्रश्न विचारते: ती मध्येच उठून बाहेर गेली तर तुम्ही काय कराल? या उत्तरावरून गटाची पारख होते. एका ठिकाणी 'आमच्याकडे शिस्त आहे' असे उत्तर मिळाले. तेथे आम्ही पुन्हा गेलो नाही. अपंग मुलांना खेळ आणि मनोरंजनात इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता यावा, असे अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचे कलम ३० सांगते, हे गटचालकांनाही ठाऊक असलेले बरे.

तयारी इतर मुलांचीही करावी लागते, आणि नेमका हाच भाग राहून जातो. कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वसाधारण शाळांतील ६० स्वमग्न मुले होती. काहींना स्वतःला सामाजिक कौशल्ये शिकवली, तर काहींच्या बाबतीत वर्गमित्रांना सोबत कशी घ्यावी ते शिकवले. वर्गमित्रांना शिकवले तेथे परिणाम अधिक चांगला दिसला. असे असूनही पालकांचा पैसा आणि मुलांची दुपार बहुतेक वेळा पहिल्याच प्रकारच्या वर्गांत जाते.

त्या वर्गांत शिकवलेल्या लकबी वापरून मूल 'सर्वांसारखे' दिसू लागले, तर पाहुणे कौतुक करतात. हा मुखवटा दमवणारा असतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत तो इतका बेमालूम असतो की निदानच उशिरा होते. गटातून घरी आल्यावर मूल कोसळत असेल, तर तेथील त्याचे हसू जमेस धरू नये. याउलट, दोन मुले शेजारी बसून आपापले काम करत असतील आणि तासाभरात दोनच वाक्ये बोलली असतील, तर मध्ये पडून त्यांना बोलते करण्याचा मोह मोठ्यांनी आवरावा.

गटातील ओळख बाहेर नेणे हा वेगळा टप्पा आहे, आणि तो आपोआप येत नाही. आम्ही एका मुलाला घरी बोलावले ते कामासाठीच: दोन नोंदवह्या ताडून पाहायच्या आणि काम संपले की भेटही संपली, असे आधीच दोघांना सांगून. आता त्यांचे संदेश जवळजवळ रोज चालतात. त्यांत पक्ष्यांची नावे, वेळा आणि संख्या असतात. 'कशी आहेस' हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही, आणि त्याची उणीव दोघांपैकी कोणालाही जाणवलेली दिसत नाही.