रिपोर्ट नॉर्मल आहे

"मेंदू अगदी नॉर्मल आलाय. मग हा असा का वागतो गं?" काकूने एमआरआयचा रिपोर्ट माझ्या हातात देत विचारलं. दादा शेजारीच बसला होता.

दादा ४१ वर्षांचा. ऑटिझमचं निदान मागच्याच वर्षी झालं. एमआरआय काढला होता डोकेदुखीसाठी. घरात मिक्सर लागला की हा कानांवर हात ठेवून गॅलरीत पळतो, म्हणून मी विचारलं, त्या मशीनचा ठणठणाट कसा सहन केलास?

"त्याला ताल होता. मी ठोके मोजत होतो. मिक्सर कधी थांबणार ते कळत नाही."

दिवसभर हेच डोक्यात घोळतंय.

काकूला म्हटलं, ऑटिझम असा फोटोत दिसत नाही गं. २०१२ साली 'अबाइड' प्रकल्पात १,११२ जणांचे स्कॅन संशोधकांसाठी खुले झाले, त्यात ५३९ ऑटिस्टिक. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी, आतल्या भागांचे आकार, सगळं मोजलं गेलं. सरासरीत थोडेफार फरक निघतात. पण दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले, की एकाच माणसाचा स्कॅन बघून कुणी सांगू शकत नाही. निदान होतं ते बोलून, वागणं बघून, लहानपणाबद्दल विचारून. आणि दादाला तर इतकी वर्षं कुणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

काकू गप्प झाली.

संध्याकाळी चटणी वाटायच्या आधी स्वयंपाकघरातून हाक आली, "मिक्सर लावतेय रे! वीसपर्यंत मोज!"