गादी सरकली

वाकले कशासाठी, तर झाकण उचलायला. सिलिंडर नव्हे, तांदळाची गोणी नव्हे. पोह्यांच्या डब्याचं झाकण ओट्याखाली गेलं होतं. ते हाताला लागलं आणि कमरेतून निघालेली चमक थेट डाव्या पायाच्या अंगठ्यात उतरली. मी तशीच, काटकोनात.

शेजारच्या काकूंनी दारातूनच निदान केलं, "गादी सरकली!"

पुढे एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली आहे, पण ती सरकत नसते हो. वरखाली मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचं बाहेरचं कडं चिरतं, आतला मऊ गर तिथून डोकावतो आणि नस दाबतो.

"म्हणजे उसवली," मी म्हटलं.

उसवलेल्या गाद्या मला ठाऊक आहेत. मे महिन्यात गच्चीवर पिंजारी यायचा. धनुकलीचा टणत्कार, नाकातोंडात कापूस, आणि आम्हा पोरांना त्या ढिगात उडी मारायची सक्त मनाई. गादी दर वर्षी एकाच ठिकाणी फाटलेली असायची, आजोबा बसायचे त्या कडेला. बाहेर आलेला कापूस मी बोटानं आत ढकलायचे, तो पुढच्या टाक्यातून निघायचा. दाभण फक्त आईच्या हाती.

पाठीत अशा 23 गाद्या. दिवसभराच्या भारानं पाणी सोडतात, म्हणून संध्याकाळी आपण सेंटिमीटरभर बुटके. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. वय वाढतं तशा सुकत जातात. त्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नाही, त्यामुळे डागडुजीही रखडत. त्यात माझी वीस वर्षांची खुर्ची, कमरेत वाकून वळायची खोड, शिवाय बाबांचीही हीच गादी गेलेली. झाकणावर उगाच आळ आला.

धाकटी मावशी पायाळू. पूर्वी कुणाला उसण भरली की कमरेला पाय लावायला तिला बोलावणं यायचं. परकर सावरत, भाव खात जायची. आता गुडघेदुखीची सत्तरीतली मावशी भिंत धरून उभी राहिली आणि माझ्या कमरेला अलगद पाय टेकवला.

डॉक्टर म्हणाले होते, बहुतेकांचं सहा-आठ आठवड्यांत निवळतं, बाहेर आलेला गर शरीरच हळूहळू शोषून घेतं. माझंही निवळलं. अंगठा तेवढा अजून बधिर आहे. फोनवर मावशीला सांगितलं.

"पाय नीट लागला नसेल," ती म्हणाली, "रविवारी परत येते."