एका एल्बोने खाल्लेले तीन आठवडे

विमानाच्या किटबरोबर आलेल्या पुस्तिकेत या कामाला एकच ओळ आहे : ‘टाकीला फिटिंग बसवा आणि सील करा.’ त्या ओळीपायी माझे तीन आठवडे गेले. आजही ती वाचली की राग येतो.

ओहायोत घरच्या गॅरेजमध्ये मी दोन सीटांचं विमान बांधतोय. शेपटी झाली, पंख झाले. टाक्या अ‍ॅल्युमिनियमच्या, वेल्ड करूनच आलेल्या. खालचा ड्रेन, म्हणजे तळाचं पाणी-गाळ काढायची तोटी, अर्ध्या तासात बसला. उरला इंधन बाहेर नेणारा पाव इंची एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड.

याचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे निमुळते असतात, 16 ला 1 असा उतार. हाताने घट्ट झाला की पान्याने दीड ते दोन फेरे, बस्स. सरळ फिटिंगला एवढं पुरतं. एल्बोचं तोंड मात्र नेमकं विमानाच्या धडाकडे यायला हवं. माझं जरासं पलीकडे गेलं, म्हणून मी तो थोडा उलटा फिरवला. सगळं तिथे बिघडलं. निमुळता आटा मागे घेतला की पकड सुटते आणि बसलेलं सीलंट फाटतं.

गळती तपासायला व्हेंटच्या (टाकीत हवा येण्याच्या) नळीला फुगा बांधून, बाकीची तोंडं बंद करून टाकीत हवा भरली. सकाळी फुगा मलूल. साबणाचं पाणी लावलं, काहीच दिसेना. पुन्हा फुगवला, पुन्हा तेच. चार दिवस असे गेल्यावर लक्षात आलं, की रात्री गॅरेज गार पडतं. 70 लिटरच्या टाकीत तापमान 3 अंशांनी उतरलं तर हवा पाऊण लिटरने आकसते, फुगा कसा टिकेल? त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवा आणि सारख्या तापमानालाच फुगा बघा. कॉम्प्रेसर मात्र टाकीला लावू नका. 1 पीएसआय (दाबाचं एकक) पुष्कळ झाला, जास्त दाबाने टाकी फुगून कामातून जाते.

पाचव्या दिवशी एल्बोच्या बुडाशी एक बारीक बुडबुडा आला. हळूहळू वाढला, फुटला, पुन्हा आला.

बाबांना सांगलीला फोन केला. त्यांनी आयुष्यभर विहिरींवर मोटारी बसवल्या. ते म्हणाले, “अरे, सूत गुंडाळ, वर सफेदा लाव, थेंब गळणार नाही.” पाण्याला ते चालतं, पेट्रोलला नाही. टेफ्लॉन टेपही नको, तिचे तुकडे सुटून फिल्टरमध्ये किंवा कार्ब्युरेटरमध्ये अडकतात आणि इंजिन हवेत बंद पडू शकतं. (भारतातून फिटिंग मागवायचा विचारही सोडा. तिथले आटे बहुधा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. पाव इंचीला इंचामागे 19 आटे, एनपीटीला 18. सुरुवातीला छान फिरतं आणि मग आटे खातं.)

उपाय विमानं बांधलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी दाखवला. एल्बो पूर्ण काढायचा, दोन्हीकडचे आटे एमईके या सॉल्व्हंटने साफ करायचे. मग कोरडाच, फक्त हाताने बसवून तोंड कुठे येतं तिथे मार्करने खूण करायची. तिथून दीड-दोन फेऱ्यांत तोंड धडाकडे येत नसेल तर दुसरा एल्बो घ्यायचा, प्रत्येकाचा आटा थोडा वेगळा सुरू होतो. माझा तिसरा जमला. तो येईपर्यंत आठ दिवस वाट पाहिली. म्हणून म्हणतो, सुरुवातीलाच तीन-चार मागवून ठेवा.

इंधनाला टिकणारं सीलंट पहिले दोन आटे सोडून लावलं, म्हणजे ते टाकीत जात नाही. ते वंगणही असतं, अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम कोरडं फिरवलं तर जाम होतं. पंपावरचं इथेनॉलवालं पेट्रोल भरणार असाल तर डब्यावर अल्कोहोल चालतं का ते वाचा. एल्बोच्या दुसऱ्या टोकाला, 37 अंशांच्या फ्लेअरला (नळी जोडायच्या शंकूसारख्या तोंडाला), सीलंट अजिबात नाही, तिथे धातूवर धातूच बसतो. आणि हो, टाकीवरचा वेल्ड केलेला बुश (ज्यात एल्बो फिरतो तो आट्यांचा तुकडा) दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर वेल्डला तडा जाईल.

या वेळी फक्त पुढेच फिरवला, तोंड धडाकडे येताच थांबलो. फुगा तीन दिवस टिकला. मग हंड्रेड लो-लेड हे विमानांचं निळं पेट्रोल भरलं आणि एल्बोखाली पांढरा कागद ठेवला. आज नववा दिवस, कागदावर निळा डाग नाही.