भिलार ते तासगाव: पुढारी बघायला शिवारात

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत नवं संचालक मंडळ आलं. बरेचसे तिशीतले, दोघी बचत गटातून आलेल्या. यांना नेतृत्व शिकवायचं म्हणजे हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवायच्या, असा एक प्रस्ताव होता. तो बाजूला ठेवून आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि भिलार, कोरेगाव, विटा, आटपाडी, तासगाव असा सातारा-सांगली जिल्ह्यांतला पट्टा धरला.

महिना फेब्रुवारी. जाणाऱ्यांनी हाच निवडावा. स्ट्रॉबेरी अजून तोडणीवर असते, आल्याची काढणी चालू असते, हळद शिजत असते, तासगावात बेदाण्याची शेड भरलेली असतात. एका फेरीत एवढी पिकं दुसऱ्या कुठल्या महिन्यात बघायला मिळत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीकडचा भाग मात्र शनिवार-रविवारी घेऊ नका, पर्यटकांच्या गाड्यांतच सकाळ जाते.

भिलारला तोडणी पहाटे होते. ऊन चढायच्या आत फळ पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यात) भरून गाडीत गेलं पाहिजे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळेच सांगतात. आम्हाला बघायचं होतं ते प्रतवारीचं काम. कुठलं फळ ताज्या बाजारात आणि कुठलं जॅमच्या कारखान्याला, हे ठरवत होत्या तिथे बसलेल्या काकी. मालक फोनवर. आमचे पुरुष संचालक भोवती उभे असेपर्यंत त्या ‘मालकांना विचारा’ म्हणत होत्या. आमच्या दोघीजणी शेजारी बसून निवडायला लागल्यावर मजुरी, उचल, कोणाचा माल बाजूला काढला म्हणून कोण रागावलं, सगळं निघालं. तेव्हा गटात बायका असू द्या आणि त्यांना वेगळं बसू द्या.

कोरेगाव भागात आलं बघितलं. हे पीक जमिनीत थांबवता येतं. भाव पडला की काढायचं नाही, पुढे ढकलायचं. त्यामुळे इथला हुशार माणूस म्हणजे थांबायचं कधी हे कळणारा. थांबायला अर्थात घरात पैसा लागतो, ते कोणी मोठ्याने बोलत नाही. नवं आणि जुनं आलं वेगळं काढून दोन भाव लावायचे की सरसकट घ्यायचं, हा व्यापारी आणि शेतकऱ्यांतला जुना तंटा. तिथे एकट्याच्या हुशारीचा उपयोग नाही, गावाने मिळून ठरवावं लागतं. एक सूचना: कंदकूज (आल्याचा गड्डा कुजवणारा रोग) असलेल्या प्लॉटमधून दुसऱ्यात जाताना चपला-बूट धुवा. यजमान संकोचाने सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ विट्याच्या बाजूला दिला, आणि तिथेच सहलीचे पैसे वसूल झाले. येरळा नदीवर बलवडीजवळ बळीराजा स्मृती धरण आहे. 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष या दुष्काळी भागातल्या शेतकरी-मजुरांच्या चळवळीत लोकांनी ते उभं केलं. नदीतली वाळू ठेकेदाराने उपसून न्यायची आणि गावाच्या विहिरी कोरड्या पडायच्या; लोकांनी वाळूवर हक्क सांगितला आणि तीच थोडी विकून धरणाला पैसा उभा केला. पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही, हे तत्त्व तिथलं. आमच्यातल्या एका बागायतदाराला ते पटेना. ज्याला रानच नाही तो पाण्याचं काय करणार? उत्तर गावातल्या एका आण्णांनी दिलं: ‘पाण्याचा हक्क असला की रान वाट्याने मिळतं. रानवाल्याला त्याच्या दारात यावं लागतं.’ गाडीत पुढे तासभर त्यावर भांडण झालं. मला वाटतं, तेवढा तास ठेवूनच कार्यक्रम आखावा.

आटपाडीत हाच धागा पुढे दिसतो. 1990 च्या दशकात स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने इथे पाणी परिषदा सुरू झाल्या. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने ते या दुष्काळी भागात आणलं जातं. पाणी आलं म्हणजे प्रश्न सुटला असं आम्हाला वाटत होतं. तिथे गेल्यावर पाटकरी नावाच्या माणसाचं महत्त्व कळलं. पाळी कोणाची, चारी कोणी फोडली, शेवटच्या टोकाला किती पोचलं, हे सगळं त्याच्या अंगावर. एका पाटकऱ्याला आम्ही विचारलं, सख्ख्या भावाची पाळी असली तर? तो म्हणाला, ‘त्याचं पाणी मिनिटभर आधी बंद करतो, मग कोणी बोलत नाही.’ भाऊ काय म्हणतो ते विचारायचं राहिलं.

डाळिंबाच्या बागेत विचारल्याशिवाय झाडाला हात लावू नका. तेल्या रोग हातातून आणि कात्रीतून पसरतो.

तासगाव मी थोडक्यात सांगतो, कारण द्राक्षावर लिहिणारे भरपूर आहेत. पाणी जसं आटपाडीत टंचाईचं, तसा इथे वेळ. पाऊस पडून पानं ओली राहिली की डाऊनी या बुरशीरोगावरचा फवारा सकाळपर्यंत थांबत नाही, रात्रीच ब्लोअर (फवारणीचं यंत्र) काढावा लागतो. अशा वेळी बैठक घेणारा कामाचा नाही. बेदाण्याचंही तेच, वाळत घातलेल्या मालावर अवकाळी पाऊस किंवा दमट हवा आली की रंग गेला. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालंय, पण भाव सौद्यात (लिलावात) रंग बघूनच ठरतो. एक सकाळ मार्केट यार्डातला सौदा जरूर बघा. आधी बाजार समितीत फोन करून वार विचारून घ्या. फवारणी झालेल्या बागेत मात्र शिरू नका.

वेळ उरला तर हरिपूर. हळद साठवायची जमिनीखालची पेवं तिथली. 2005 च्या महापुरात बरीचशी गेली.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. पंधरापेक्षा जास्त माणसं नेऊ नका, बांधावर मागच्यांना ऐकू येत नाही. एकरी उतारा किती, हा प्रश्न पहिल्या दिवशीच बंद करा, नाहीतर सगळी सहल त्यातच जाते. आम्ही सगळीकडे दोनच प्रश्न ठेवले होते: तुम्ही आठ दिवस नसलात तर इथलं कोण ठरवतं? आणि गेल्या वर्षी कोणाचं ऐकायला हवं होतं? दुसऱ्यावर लोक हसतात, मग बोलतात. पहिल्यावर मोठे मोठे बागायतदार गप्प झाले.

यजमानाचा अर्धा दिवस मोडतो, त्याचा मोबदला आधी बोलून द्या. घेत नसेल तर त्याच्याकडूनच माल विकत घ्या, घासाघीस न करता. मुक्कामाला विटा आणि सांगली सोयीचं. गळीत हंगाम असतो, दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय चालतात, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्याचा प्रकार) शेतात उभा बघायचा असेल तर तो खरिपाचा, त्यासाठी पावसाळ्यात वेगळं यावं लागेल.